मधल्या दोन वर्षांचं काय?

उत्तर अमेरिकेतल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या सप्टेंबरातला तो शनिवार आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. आदल्या दिवशी, १९ तारखेला, एच-१बी, म्हणजे इथल्या कंपनीत नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाच्या व्हिसाच्या, अर्जामागे एक लाख डॉलर भरण्याच्या आदेशावर सही झाली होती आणि शनिवारची मध्यरात्र उलटली की तो लागू होणार होता. आमच्या शेजारणीचा नवरा तेव्हा साताऱ्याला होता. रविवारी सर्वपित्री अमावास्या. वडिलांचं पान स्वतः वाढायचं म्हणून रजा काढून गेला होता. शुक्रवारी रात्री इथून कंपनीची मेल गेली: असाल तिथून चोवीस तासांत परत या. सातारा ते मुंबई विमानतळ हाच पाच-सहा तासांचा रस्ता, आणि उरलेल्या वेळात अर्धं जग ओलांडायचं. शेजारीण स्वयंपाकघरात उभी राहून एका फोनवर तिकिटं शोधत होती आणि दुसऱ्या फोनवर आपला ग्रुप वर-खाली सरकवत होती.

त्या ग्रुपवर काय होतं? क्लिपा. चाळीसेक तरी. कोट घातलेला माणूस, खाली पट्टी: 'माजी होमलँड सिक्युरिटी अधिकारी'. एक जण सांगत होता, बाहेर राहिलात तर अडकलात. दुसरा, तोही माजीच, सांगत होता की कोर्टात हे आठवडाभरही टिकायचं नाही. पाठवणाऱ्यांनी वर लिहिलेलं, 'हा आत काम केलेला माणूस आहे, नीट ऐका.' त्याच शनिवारी हे अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएस या सरकारी संस्थेच्या संचालकांचं एक छोटंसं परिपत्रक निघालं: हे फक्त यापुढच्या नव्या अर्जांना लागू, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. ते आपल्या ग्रुपवर पोचायला रात्र झाली, कारण त्यात कोट घातलेला कुणी नव्हता. तोवर शेजारणीचा नवरा विमानात बसलाही होता. साताऱ्यात पान चुलतभावाने वाढलं.

त्या रात्री ठरवलं, या 'माजी' मंडळींबद्दल आपल्या माणसांना एकदा लिहायचं. लिहायला इतका उशीर का झाला, ते पुढे येईलच.

होमलँड सिक्युरिटी, म्हणजे इथलं देशांतर्गत सुरक्षेचं खातं, आपल्यासाठी काही लांबचं नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २२ वेगवेगळ्या संस्थांची मोट बांधून ते उभं राहिलं आणि १ मार्च २००३ पासून कामाला लागलं. आपला अर्ज मंजूर-नामंजूर करणारे त्यांचे, जेएफकेला उतरल्यावर पासपोर्ट उलटसुलट करून बघणारे त्यांचे, परवापरवापर्यंत बूट काढायला लावणारे त्यांचे, आणि कागदपत्रं नसलेल्यांना धरायला दारावर थाप मारणारे आइसवालेही त्यांचेच. वादळानंतर मदत घेऊन येणारी फेमासुद्धा त्यातलीच. या खात्याचं मुख्यालय आता वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्सच्या आवारात आहे. तिथे १८५५ मध्ये सरकारने वेड्यांचं इस्पितळ उघडलं होतं. हा विनोद माझा नव्हे, जागेचा आहे.

या खात्यातून बाहेर पडून टीव्हीवर गेलेल्यांत आपल्या ग्रुपांवर सगळ्यात जास्त फिरतात ते माइल्स टेलर. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण पद मोठं होतं म्हणून अहो-जाहो करते. सवय सुटत नाही. माजी साहेबांचं दुकान चालतं ते बहुतेक आपल्या याच सवयीवर.

त्यांची कारकीर्द सांगण्यासारखी आहे. इंडियानातल्या ला पोर्ट या लहानशा गावातला हुशार मुलगा, शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डपर्यंत गेलेला. प्रतिनिधिगृहाच्या होमलँड सिक्युरिटी समितीत काम केलं. २०१७ मध्ये, ट्रम्प पहिल्यांदा निवडून आल्यावर, खात्याचे तेव्हाचे मंत्री जॉन केली यांचे सल्लागार म्हणून खात्यात आले. केली व्हाइट हाउसमध्ये गेले, पुढे कर्स्टन नील्सन मंत्री झाल्या आणि टेलर त्यांच्या कार्यालयाचे उपप्रमुख. ५ सप्टेंबर २०१८ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक निनावी लेख आला: मी सरकारातला वरिष्ठ अधिकारी आहे, आणि माझ्यासारखे अनेक जण आतून अध्यक्षांच्या वाईट लहरींना आवर घालतो आहोत. सगळं वॉशिंग्टन लेखक शोधायला लागलं. लेखात 'लोडस्टार' म्हणजे ध्रुवतारा हा जरा जुनाट शब्द होता; तो उपाध्यक्ष पेन्स यांच्या भाषणांत वरचेवर येतो म्हणून संशयाची सुई त्यांच्यावर गेली. ट्रम्प यांनी त्या दिवशी एकच शब्द ट्वीट केला, देशद्रोह, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

लेखक टेलर होते. पण हे कळायला दोन वर्षं जायची होती. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ते नील्सनबाईंच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी खातं सोडलं आणि गूगलमध्ये रुजू झाले. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी आरडाओरडा केला की सीमेवर जे चाललं त्या खात्याचा माणूस आपल्याकडे कशाला; कंपनीने पाठराखण केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये निनावीच एक पुस्तक आलं. ऑगस्ट २०२० मध्ये ते उघडपणे कॅमेऱ्यासमोर आले, बायडन यांना मत द्या म्हणाले आणि सांगण्यासारखं बरंच सांगितलं: मत दिलं नाही म्हणून कॅलिफोर्नियाची वणव्याची मदत रोखायला अध्यक्षांनी सांगितलं होतं, पोर्तो रिको देऊन ग्रीनलंड घेता येईल का असं विचारलं होतं. ग्रीनलंडचं तेव्हा आपण हसण्यावारी नेलं होतं. सीएनएनने त्यांना भाष्यकार म्हणून घेतलं.

आणि मग ती मुलाखत. सीएनएनच्याच अँडरसन कूपरने सरळ विचारलं, तो निनावी लेखक तुम्हीच का? टेलर म्हणाले, मी मुखवटा दोनच वेळा घालतो, हॅलोवीनला आणि साथीच्या रोगात. म्हणजे नाही. २८ ऑक्टोबर २०२० ला, निवडणूक आठवड्यावर आली असताना, त्यांनीच जाहीर केलं की हो, मीच तो. त्याच रात्री त्याच चॅनेलवर ख्रिस कूमोने तोंडावर विचारलं की तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, मग चॅनेलने तुम्हाला पगारावर का ठेवावं. चॅनेलने ठेवलं. टेलर यांचं स्पष्टीकरण असं की विचारलंच कुणी तर आपण ठामपणे नाकारू, हे आपण त्या पुस्तकातच लिहून ठेवलं होतं. लोकांनी लेखकावर नव्हे, मुद्द्यांवर बोलावं म्हणून. हे मी तीनदा वाचलं. मी खोटं बोलेन असं आधी सांगून मग खोटं बोललं, तर ते खोटं राहत नाही? आमच्या घरी मुलाने असं केलं तर त्याला दोन शिक्षा होतील.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रिपब्लिकन पक्ष सुधारायची चळवळ, मग ती अँड्र्यू यँग यांच्या फॉरवर्ड पार्टीत विलीन, २०२३ मध्ये स्वतःच्या नावाने दुसरं पुस्तक, आणि या ना त्या चॅनेलची खुर्ची.

आता आपल्या ग्रुपवर टेलर यांची क्लिप आली की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बघा, आतल्या माणसाने सांगितलं, केवढी हिंमत. दुसरा तट, जो गेल्या दोन निवडणुकांत चांगलाच वाढलाय, म्हणतो गद्दार, ज्या ताटात जेवला त्यातच घाण केली. मग दिवाळीच्या फराळाच्या यादीपर्यंत भांडण जातं. मला दोघांनाही एकच विचारायचंय. फेब्रुवारी २०१७ ला आत गेल्यापासून २०१९ ला बाहेर पडेपर्यंत, दोन वर्षांहून जास्त काळ, हातात लेखणी आणि शिक्का असताना या माणसाने काय केलं? पहिला तट लेखापासून गोष्ट सुरू करतो. दुसरा गद्दारीपासून, म्हणजे पुन्हा लेखापासूनच. मधली वर्षं दोघांनीही गिळून टाकली.

मला ती गिळता येत नाहीत, कारण मी एच-४ आहे, म्हणजे एच-१बीवाल्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर इथे राहते.

२०१२ मध्ये नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून सांगलीहून इथे आले. बी.कॉम., एम.कॉम., सांगलीत एका सी.ए.कडे सहा वर्षं काम केलेलं. इथे चार वर्षं बँकेत खातंही नवऱ्याच्या नावामागे. २६ मे २०१५ पासून ओबामांच्या खात्याने एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये माझ्या हातात ते कार्ड आलं आणि एका लहानशा फर्ममध्ये हिशेब लिहायला लागले. ही कार्डं मिळालेल्यांत ९० टक्क्यांहून अधिक भारतीय, आणि बहुतेक सगळ्या बायका. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला जमणाऱ्या किती जणींच्या पर्समध्ये ते कार्ड होतं, हे त्यांनाच ठाऊक.

डिसेंबर २०१७ मध्ये खात्याच्या नियमांच्या यादीत एक ओळ आली: एच-४ ची कामाची परवानगी रद्द करण्याचा प्रस्ताव. ती यादी वर्षातून दोनदा येते, वसंतात आणि पानगळीत. पुढची तीन वर्षं आम्ही ती यादी पंचांगासारखी बघितली. घर घ्यायचं? यादी येऊ दे. दुसरं मूल? यादी येऊ दे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो प्रस्ताव खात्याकडून अंतिम तपासणीसाठी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे गेला. तारखांकडे बघा. त्याच महिन्यात टेलर मंत्र्यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले होते. तो प्रस्ताव त्यांनी लिहिला असा माझा आरोप नाही. पण ज्या कार्यालयातून असे कागद जातात, त्याची किल्ली त्यांच्याकडे होती. त्याच काळात तिसऱ्या कंपनीच्या जागेवर काम करणाऱ्यांकडून गठ्ठाभर पुरावे मागायचं परिपत्रक निघालं, आणि नव्या एच-१बी अर्जांचं नाकारलं जाण्याचं प्रमाण २०१५ च्या ६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २४ टक्क्यांवर गेलं. 'माझं आरएफई आलं', म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र आलं, हे वाक्य आपल्याकडे 'घरी पाहुणे आले' इतकं रोजचं झालं ते तेव्हाच.

आतून आवर घालणाऱ्यांनी यातलं काय आवरलं? एच-४ चा नियम शेवटी झाला नाही हे खरं. तो प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये नवं सरकार आल्यावर मागे घेतला गेला, आणि या परवानगीविरुद्ध कोर्टात चाललेला खटला लढत राहिल्या त्या बायका आणि त्यांच्या संघटना. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला तेव्हा कुठे आमचा एक श्वास सुटला. टीव्हीवरच्या कुठल्या माजी साहेबाने त्यावर पाच मिनिटं खर्च केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पण आमचं दुःख थोडं. आमची मुलं आमच्याजवळ होती. २०१८ च्या वसंतात याच खात्याने सीमेवर आईबापांपासून लेकरं वेगळी केली. एप्रिलमध्ये धोरण जाहीर झालं, मे महिन्यात नील्सनबाईंनी सही केली, जूनच्या मध्याला त्यांनी ट्वीट केलं की कुटुंबं वेगळी करण्याचं आमचं धोरणच नाही, आणि २० जूनला ट्रम्प यांनाच तो आदेश मागे घ्यावा लागला. पहिल्या कार्यकाळात मिळून पाच हजारांहून जास्त मुलं. कुणाचं मूल कुठे पाठवलं याची धड नोंदही नव्हती. न्यायालयाने एकत्र आणायचा हुकूम दिला तेव्हा खात्याला शोधाशोध करावी लागली. हे चाललं होतं तेव्हा टेलर त्याच मंत्र्यांच्या कार्यालयात होते. आणि अडीच महिन्यांनी आलेला तो गाजलेला लेख काढून वाचा. त्यात करकपातीचं कौतुक आहे, सैन्य बळकट केल्याचं आहे, नियम सैल केल्याचं आहे. त्या मुलांचा उल्लेख नाही. एका ओळीचाही नाही.

नंतर त्यांनी पश्चात्ताप बोलून दाखवलाय, आपण जास्त करायला हवं होतं असं म्हटलंय. तो खोटा आहे असं म्हणायचं मला काही कारण नाही. पण बैल गेला आणि झोपा केला, त्या झोप्याचं उद्घाटन टीव्हीवर, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला जमत नाही.

माझे वडील महसूल खात्यात होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, मोठं पद काही नव्हे. वरून चुकीचा हुकूम आलाय असं वाटलं की ते फायलीवर टिपणी लिहायचे. अमुक नियमाप्रमाणे असं करता येत नाही, सादर. खाली सही, तारीख. साहेब बहुतेक वेळा ती फेटाळायचे, एकदा-दोनदा त्यांची बदलीही झाली. आई चिडायची. पण टिपणी फायलीत राहायची. दहा वर्षांनी कुणी फाईल उघडली तर कळायचं की कुणाला काय माहीत होतं आणि कोण काय बोललं. आणि निनावी अर्ज आला की बाबा त्यावर दोन शब्द लिहायचे: दप्तरी दाखल. म्हणजे ठेवून द्या, कारवाई नको. ज्याने नाव लावलं नाही त्याला विचारायचं कसं?

'टाइम्स'चा तो लेख वाचला तेव्हा मला बाबांचे ते दोन शब्द आठवले होते. आतून आवर घालतोय म्हणे. कुणाला? कधी? कुठल्या कागदावर? निनावी माणूस आतून अडवतोय म्हटलं की सगळं चांगलं त्याच्या खात्यावर जातं आणि सगळं वाईट दुसऱ्याच्या. मी नसतो तर याहून वाईट झालं असतं, या वाक्याला जगात कुठलाही हिशेब लागू होत नाही. हिशेबनीस म्हणून सांगते.

हे फक्त टेलर यांचं दुखणं नाही, आणि एका पक्षाचंही नाही. मायकल चेर्टॉफ आठवतात? २००५ ते २००९ खात्याचे मंत्री, बाहेर पडल्यावर स्वतःच्या नावाची सल्लागार कंपनी काढली. २५ डिसेंबर २००९ ला अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला येणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. पुढचे काही दिवस चेर्टॉफ चॅनेलाचॅनेलांवर होते: विमानतळांवर पूर्ण शरीर दाखवणारी स्कॅनर यंत्रं लावा. अशी यंत्रं बनवणारी रॅपिस्कॅन ही कंपनी त्यांच्या फर्मची ग्राहक होती, आणि ते प्रेक्षकाला प्रत्येक ठिकाणी सांगितलं गेलं नाही. मंत्री असतानाही ते या यंत्रांच्या बाजूचेच होते, तेवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. यंत्रं लागली. २०१३ मध्ये ती काढून टाकावी लागली, कारण प्रवाशाचं उघडं अंग पडद्यावर दिसू नये एवढं सॉफ्टवेअर कंपनीला जमलं नाही. त्या यंत्रांत आपल्या आया-सासवा हात वर करून, बांगड्या सावरत उभ्या राहिल्या आहेत. मंगळसूत्र काढायला लावलं म्हणून माझी सासू नेवार्कला रडली होती.

त्याआधी २००८ च्या एप्रिलमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच दाखवून दिलं होतं की टीव्हीवर युद्धाचं तटस्थ विश्लेषण करणाऱ्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटॅगॉन पढवत होतं आणि त्यांच्यातल्या अनेकांचे शस्त्रास्त्र कंपन्यांशी धागे होते. त्या शोधाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. चॅनेलांवर फरक किती पडला, ते तुम्हीच बघा.

ज्युलिएट कायेम मला खरं तर आवडतात. ओबामांच्या काळात खात्यात सहायक मंत्री होत्या, नंतर 'बॉस्टन ग्लोब'मध्ये स्तंभ लिहिला, पुलित्झरच्या अंतिम यादीत नाव आलं, आता सीएनएनवर असतात. पूर-वादळ-आगीबद्दल त्या बोलतात तेव्हा समजतं. पण त्याही मध्यंतरी एनएसओ या इस्रायली कंपनीच्या सल्लागार होत्या. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं पेगासस बनवणारी तीच. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतातल्या ज्या वकील-कार्यकर्त्यांना 'तुमचा फोन फोडला गेलाय' असं कळवलं, त्यांत भीमा-कोरेगाव खटल्याशी जोडलेले लोक होते, हे पुण्या-नागपूरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आणि टॉम होमन? आइसचे हंगामी प्रमुख, २०१८ मध्ये निवृत्त, लगेच फॉक्सवर भाष्यकार, आणि २०२५ मध्ये सीमेचे सर्वेसर्वा म्हणून परत आत. म्हणजे ती खुर्ची निवृत्तांचा कट्टा आहे असं समजू नका. काहींसाठी ती प्रतीक्षालय आहे. गाडी आली की उठतात.

एवढं लिहिल्यावर एक गोष्ट तितक्याच जोरात लिहायला हवी. ९ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी टेलर यांच्याविरुद्ध अध्यक्षीय आदेश काढला. त्यांची गोपनीय सरकारी माहिती बघण्याची परवानगी काढली, खात्यातल्या त्यांच्या काळाची चौकशी करायला सांगितलं, ते शिकवत होते त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या संस्थांशी जोडलेल्यांच्या परवानग्यांवरही गदा आणली, आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा देशद्रोह हाच शब्द काढला. या वेळी प्रश्नचिन्हाशिवाय. त्याच दिवशी खात्यातल्या सायबर सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख ख्रिस क्रेब्स यांच्यावरही तसाच आदेश निघाला. क्रेब्स यांचा गुन्हा एवढाच की २०२० ची निवडणूक सुरक्षित झाली असं त्यांनी, पदावर असताना आणि स्वतःच्या नावाने, सांगितलं होतं. ते पद तेव्हाच गेलं होतं; या आदेशानंतर आठवड्याभरात त्यांना खासगी कंपनीतली नोकरीही सोडावी लागली. टीका केली म्हणून एका माणसाचं नाव घालून सरकारी हुकूम काढणं, हे मला आपल्या आणीबाणीच्या गोष्टी सांगणाऱ्या आजोबांइतकं ओळखीचं वाटतं. ग्रुपवर 'गद्दार' लिहिणाऱ्यांनी एकदा विचार करावा की हा शब्द उद्या कुणाच्या नावापुढे लागेल, आणि त्यात रांगेत उभा असलेला परदेशी माणूस किती पटकन सापडेल. टेलर यांना किंमत मोजावी लागलीय. ती खरी आहे. तिने मधली वर्षं पुसली जात नाहीत, एवढंच.

क्रेब्स यांचं नाव आलंच आहे तर सांगते, बाबांना ते आवडले असते. टिपणी लिहिली, सही केली, नोकरी गेली.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे मागणं फार नाही. क्लिप पुढे ढकलण्याआधी त्या माणसाचं नाव टाकून पाच मिनिटं बघा: तो आत कधी होता, तेव्हा खात्यातून काय काय निघालं, आणि आता त्याच्या पगाराचा चेक कोण फाडतं. व्हिसाचा प्रश्न असेल तर परिपत्रक आधी, वकील नंतर, आणि टीव्ही जेवताना. आपल्या मराठी अधिवेशनाच्या कार्यकारिणीला वेगळी विनंती: असा कुणी 'माजी' प्रमुख वक्ता म्हणून आणायचा असेल तर खुशाल आणा, शाल-श्रीफळही द्या, पण प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवा आणि माइक एच-४ बायकांकडे आधी द्या. 'आम्ही होतो म्हणून वाचलात' असं ते म्हणाले, तर कुठल्या तारखेला, कुठल्या कागदावर, एवढं विचारायला आम्हाला इंग्रजी पुरेसं येतं.

आता उशिराबद्दल. हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. नवरा म्हणाला, ग्रीन कार्डाच्या रांगेत तेरावं वर्ष आहे, कशाला? समाजमाध्यमांवर काय लिहिता ते आता अर्जाबरोबर तपासतात. शेवटी पाठवतेय, पण खाली नाव नाही. निनावी लिहिणाऱ्याला बोल लावणारं निनावी पत्र! माझ्या हातात शिक्का कधी नव्हता, मी कुणाचं मूल कुठे पाठवलेलं नाही, वगैरे बचाव मी स्वतःशी करून बघितले. पण बाबा असते तर यावरही त्यांनी तेच दोन शब्द लिहिले असते, आणि मला ते मान्य करावं लागलं असतं.

माझ्या कामाच्या परवानगीच्या कार्डाची मुदत येत्या वर्षात संपतेय. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की पूर्वी ५४० दिवस आपोआप मिळायचे, नोकरी चालू राहायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून खात्याने ते बंद केलं. आता कार्ड यायला उशीर झाला तर तेवढे दिवस मी घरी, आणि फर्मने वाट बघितली तर बघितली. सेंट एलिझाबेथ्सच्या आवारातल्या कुठल्यातरी खोलीत त्या नियमाचा मसुदा टेबलावरून फिरला असेल. तिथे चार-पाच जण बसलेले असतील. त्यातल्या एकाला हे पटलं नसेलही. तो गप्प बसला असेल, आणि काही वर्षांनी कोट घालून टीव्हीवर येऊन सांगेल की मी आतून अडवायचा फार प्रयत्न केला. तुम्ही मला ती क्लिप पाठवाल. आज मला त्याचं नाव ठाऊक नाही. म्हणून तारीख लिहून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक एच-४
एडिसन, न्यू जर्सी